कुत्र्यासह भाड्याचं घर: फोनवरच्या ‘चालेल’पासून नोंदलेल्या करारापर्यंत

“आमच्याकडे कुत्रं आहे, चालेल ना?”

“चालेल की. त्यात काय?”

कोल्हापुरात घर शोधताना फोनवर एवढंच बोलणं झालं आणि मी पाच हजार टोकन पाठवून दिलं. सामानाचा टेम्पो दारात उभा असताना मालक खाली आले, आमच्या चिंगीकडे बघितलं आणि म्हणाले, “हिला जिन्याखाली बांधा, तिथं नळपण आहे.” त्यांनी फसवलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यासमोर राखणीचं, दाराबाहेरचं कुत्रं होतं. माझ्या डोळ्यासमोर पलंगाखाली झोपणारी चिंगी. पुढचे तीन आठवडे ती नातेवाइकांकडे राहिली आणि आम्ही पुन्हा घर शोधत होतो.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर घरं बघत फिरले. कोल्हापूर असो, सांगली असो की सातारा, घरं नसतात असं नाही, क्रम चुकतो. आधी घर पसंत करायचं, मग टोकन, मग हळूच कुत्र्याचा विषय, आणि करारात त्याचा उल्लेखच नाही. खालचा क्रम याच्या उलटा आहे. त्यासाठी हातात दीड-दोन महिने ठेवा.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. लहान शहरात तीन होकार लागतात: मालकाचा, मालकाच्या घरात ज्याचा शब्द चालतो त्याचा, आणि खालच्या किंवा शेजारच्या बिऱ्हाडाचा. पहिला मिळाला की लोक थांबतात आणि अडचण येते ती उरलेल्या दोघांकडून.

टप्पा १: घर शोधण्याआधी कुत्र्याची तयारी

एक साधी प्लॅस्टिकची फाइल करा. तिच्यात लसीकरणाचं पुस्तक ठेवा. रेबीजच्या लशीची पुढची तारीख उलटून गेली असेल तर आधी ती टोचून घ्या. मालक पुस्तक उघडून तेवढंच एक पान बघतात. नसबंदी झाली असेल तर डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या. महापालिका हद्दीत राहत असाल तर कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा आणि पावती फाइलला लावा. आधीच्या घरमालकांचा नंबर त्यांना विचारून लिहून ठेवा. पन्नास कागदांपेक्षा “दोन वर्षं होते, काही त्रास नाही” हे एक वाक्य जास्त काम करतं.

नसबंदीचं मुद्दाम सांगते. कुत्री माजावर आली की गल्लीतले सगळे नर गेटपाशी जमतात, रात्रभर भांडतात. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहत असाल तर तो गोंधळ थेट मालकाच्या खिडकीखाली होतो. घर बदलण्याच्या किमान तीन-चार आठवडे आधी हे काम उरकून घ्या, म्हणजे टाके बरे होऊन कुत्री सावरलेली असेल.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून घरात ठेवा, दार ओढून घ्या आणि तासभर बाहेर जा. परत आल्यावर ते रेकॉर्डिंग ऐका. पहिली पाच मिनिटं कुईकुई करून कुत्रं शांत झालं तर ठीक. तासभर रडत, दार खरवडत असेल तर नव्या घरात ते जास्तच होणार, कारण तिथले वास आणि आवाज अनोळखी असतील. यावर सवय हाच उपाय आहे. दोन मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग पाच, मग दहा. जाताना लाड नाहीत, आल्यावर दंगा नाही. याला आठवडे लागतात, म्हणून हे काम घरशोधणीच्या आधीच सुरू करा.

*तपासणी:* कुत्रं तासभर एकटं शांत राहतं, लसी चालू आहेत, फाइल तयार आहे. यातलं एकही बाकी असेल तर फोन करायला सुरुवात करू नका.

टप्पा २: कोणत्या प्रकारचं घर शोधायचं

कोल्हापुरात साधारण तीन प्रकार समोर येतात.

पहिला, मालक खाली आणि तुम्ही वर असा बंगला. लोक याला घाबरतात. माझं मत वेगळं आहे. इथे काही लपून राहत नाही, त्यामुळे होकार मिळाला तर तो खरा असतो आणि टिकतो. मात्र मालकांच्या घरात कुणाला कुत्र्याची भीती आहे का, सोवळं पाळतात का, गच्ची सामायिक आहे का, हे आधी कळायला हवं. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतील तर तिथे कुत्रं नेण्याचा विचार सोडून द्या.

दुसरा, अपार्टमेंटमधला फ्लॅट, ज्याचे मालक नोकरीनिमित्त पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात असतात. मालक पटकन ‘हो’ म्हणतात, कारण रोज त्यांना बघायचं नसतं. इथे खरी परीक्षा चेअरमन, सेक्रेटरी आणि खालच्या फ्लॅटची असते.

तिसरा, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी या बाजूची रो-हाउस आणि छोटे बंगले. मोकळी जागा मिळते, शेजार विरळ असतो. पाण्याची चौकशी मात्र करा: नळाला किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर लागतो का.

मजला ठरवताना पुराचा विचार करा. कुत्रेवाले तळमजला मागतात, कारण जिना नको असतो. पण शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा नदीकडचा भाग, रमणमळा, दुधाळी, सुतारवाडा या भागांत सरळ विचारा: “२०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?” शेजाऱ्यालाही तेच विचारा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. त्या दोन्ही वर्षी पाणी याच्या कितीतरी वर गेलं होतं. रात्री घर सोडायची वेळ आली तर माणसांना निवारा मिळतो, कुत्र्याला घेऊन कुठे जायचं हा प्रश्न उरतो. त्या पट्ट्यात पहिल्या मजल्याच्या खाली घर घेऊ नका.

आवाजाचंही तसंच. पेठांमध्ये, तालमीशेजारी किंवा महाद्वार रोडच्या मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल तर गणपतीत साउंड सिस्टिमने भिंती हादरतात. आवाजाला बुजणाऱ्या कुत्र्यासाठी ती घरं नकोतच, भाडं कितीही कमी असो.

टप्पा ३: पहिला फोन

कुत्र्याचा उल्लेख पहिल्या तीन वाक्यांत व्हायला हवा, आणि त्यात ‘आत राहते’ हे शब्द हवेतच. मी असं बोलते:

“नमस्कार काका, घराचं कळलं म्हणून फोन केला. आम्ही नवरा-बायको आणि एक पाळलेली कुत्री आहे. ती घरातच राहते, आतच झोपते. लसी झाल्यात, नसबंदी झालीय. तुम्हाला आणि घरच्यांना चालणार असेल तरच बघायला येते.”

उत्तर नीट ऐका. “चालेल की” आलं तर तिथेच पुढे विचारा: “म्हणजे हॉलमध्ये, बेडरूममध्ये असली तरी हरकत नाही ना?” या प्रश्नानंतर जो क्षणभर थांबतो, त्याच्या मनात जिन्याखालचं कुत्रं होतं. “या तर खरं, बघू” हा होकार नाही; जा, पण टोकनचे पैसे खिशात ठेवूनच परत या. “केवढं आहे? चावतं का? केस गळतात का?” असे प्रश्न आले तर बरं वाटून घ्या, कारण तो माणूस खरोखर विचार करतोय. सरळ ‘नाही’ आलं तर आभार माना आणि ओळखीत दुसरं कुणी आहे का ते विचारा. दोनदा मला याच प्रश्नातून चांगले पत्ते मिळालेत.

खाण्याचाही विषय याच फोनवर काढा. काही घरांत, काही इमारतींत मांसाहार चालत नाही. तुमच्या कुत्र्याला अंडी किंवा चिकन उकडून घालत असाल तर कुकरची शिट्टी झाली की वास जिन्यात पोचतोच. पाकिटातल्या सुक्या खाण्यातही बहुधा चिकन असतं. “आम्ही बाहेरून आणू” असं सांगून वेळ मारून नेऊ नका; दुसऱ्या महिन्यात तोच वादाचा मुद्दा होतो.

*धोका:* “ताई, आधी घर तर बघा, कुत्र्याचं मी मालकांशी नंतर बोलतो,” असं एजंट म्हणाला तर थांबा. तो बोलत नाही. साधारण एक महिन्याचं भाडं कमिशन असतं आणि ते करार झाला की मिळतं, त्यामुळे कुत्र्याचा विषय शेवटावर ढकलण्यात त्याचा फायदा असतो. त्याला मेसेज लिहून पाठवा: कुत्री आहे, आत राहते, हे मालकांना सांगून होकार घेतल्याशिवाय घर दाखवू नये. आणि कमिशन करार नोंदल्यावरच द्या.

टप्पा ४: घर बघायला जाताना कुत्र्याला नेऊ नका

पहिल्या भेटीत तुम्हाला घर नीट बघायचं असतं आणि मालकांना तुम्हाला. हातात साखळी असेल तर दोन्ही होत नाही.

फरशीवर अनवाणी चालून बघा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर कुत्र्याचे पाय घसरतात. वय झालेल्या किंवा जाड कुत्र्याच्या कमरेला आणि गुडघ्याला त्याचा त्रास होतो. जुन्या घरातली शहाबादी फरशी दिसायला साधी, पण पायाला पकड देते आणि उन्हाळ्यात गार राहते. टाइल्स असतील तर किती सतरंज्या लागतील याचा अंदाज तिथेच घ्या.

बाल्कनीच्या गजांमधून तुमची मूठ अंगठ्यासकट आरपार जात असेल तर लहान पिल्लाचं डोकं अडकू शकतं. जाळी मारायला मालकांची परवानगी लागेल, ती आत्ताच विचारा. भिंतींना फटी, ओल, सुटलेला गिलावा असेल तर दोनदा विचार करा. गोचीड फटीत अंडी घालते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत एकदा घरात शिरली की महिनोन् महिने हटत नाही. बाथरूमच्या मोरीला काढता येणारी जाळी आहे का तेही बघा. केस अडकून पाणी तुंबलं की खालच्या छताला ओल येते.

मग रस्त्यावर या. त्याच गल्लीत सकाळी सहाला आणि रात्री नऊनंतर एकेक चक्कर मारा. गल्लीतली कुत्री किती, कुठे बसतात, अनोळखी कुत्र्यावर धावून येतात का, हे दुपारी कळत नाही. जुलैच्या मुसळधार पावसात कुत्र्याला कुठे नेणार? पत्र्याखालचं पार्किंग आहे का? रिकामा प्लॉट आहे पण चिखल किती?

*तपासणी:* निघताना खालच्या बिऱ्हाडाची बेल वाजवा. “आम्ही वर राहायला यायचं बघतोय, आमच्याकडे कुत्री आहे, तुम्हाला काही अडचण?” एवढंच विचारा. चेहऱ्यावरून उत्तर कळतं. तिसरा होकार इथे मिळतो किंवा इथेच हुकतो, आणि हुकलेला आत्ता कळलेला बरा.

टप्पा ५: कुत्र्याची आणि घरच्यांची भेट

घर पसंत पडलं, बोलणं जुळलं, तरी टोकनच्या आधी ही भेट झालीच पाहिजे. मालक एकटे असतील तेव्हा नको. काकू, आजी, मुलं सगळे असतील अशी वेळ मागा. बऱ्याच घरांत काका ‘हो’ म्हणतात आणि निर्णय काकूंचा असतो.

त्या दिवशी कुत्र्याला आधी तासभर फिरवा, शी-शू उरकू द्या, अंग पुसून घ्या. साखळी छोटी धरा. भेट दाराबाहेर, अंगणात घ्या. आत बोलावलं तरच जा आणि देवघर किंवा स्वयंपाकघराकडे एक पाऊलही जाऊ देऊ नका. “काही करत नाही हो, हात लावा” असं म्हणू नका. ज्याला भीती वाटते त्याला ती वाटू द्या. कुत्र्याला खाली बसवा आणि तुम्ही माणसांशी बोला. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

आत्ताच्या घराच्या काकूंनी चिंगीला लांबूनच बघितलं आणि फक्त एक विचारलं: “तुळशीजवळ जाते का?” मी म्हटलं, गच्चीवर कधीच सोडणार नाही, आणि तुळशीच्या बाजूने नेणारही नाही. तेवढ्यावर त्यांचा होकार आला. तो शब्द आम्ही आजही पाळतो.

टप्पा ६: अपार्टमेंट असेल तर सोसायटी

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला किंवा असोसिएशनला ठराव करून, बहुमतानेसुद्धा, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरायलाही मज्जाव करता येत नाही. पण यातून एक गैरसमज होतो. हे सोसायटीबद्दल आहे. आपलं घर कुणाला द्यायचं हे मालक ठरवतो, आणि या सूचना दाखवून त्याच्याकडून घर मिळवता येत नाही.

म्हणून सेक्रेटरींना भेटताना कायदा दप्तरात ठेवा. फाइल दाखवा, लिफ्टच्या गर्दीच्या वेळा विचारा, त्या वेळी जिन्याने जाऊ असं सांगा, घाण उचलायची आमची जबाबदारी असं सांगा. त्यानंतरही कुणी “आमच्याकडे ठराव आहे” म्हणून अडून बसलं, तरच लेखी उत्तर मागा आणि सूचनांचा दाखला द्या. मालक तुमच्या बाजूने उभा राहणार नसेल तर त्या घराचा नाद सोडा. भाडेकरू म्हणून एकट्याने सोसायटीशी भांडत अकरा महिने काढणं कुत्र्यालाही झेपत नाही.

टप्पा ७: करार

“अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही,” हे वाक्य तुम्ही ऐकालच. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर भाड्याने देताना होतो तोच, लेखी असलाच पाहिजे आणि नोंदलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नुसत्या नोटरीने हे भागत नाही.

खर्चाची भीती घालतात, तर हिशेब करून बघा. भाडं दहा हजार, अनामत तीस हजार, मुदत अकरा महिने असेल तर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटची फी वेगळी, ती आधी विचारा.

एजंट छापील मसुदा आणतो. त्यात बहुधा “प्राणी पाळता येणार नाहीत” अशी ओळ आधीपासून असते आणि सही करताना ती कुणी वाचत नाही. ती खोडून घ्या आणि ही अट घाला (‘लिहून देणार’ म्हणजे मालक, ‘लिहून घेणार’ म्हणजे तुम्ही):

“लिहून घेणार यांच्याकडे एक पाळीव कुत्री (नाव, रंग, अंदाजे वय) असून ती सदर जागेत आत राहील, यास लिहून देणार यांची संमती आहे. तिच्यामुळे जागेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च लिहून घेणार देतील. तिच्याबाबत तक्रार आल्यास लिहून देणार ती लेखी कळवतील व निवारणासाठी पंधरा दिवसांची मुदत देतील.”

‘आत राहील’ हे दोन शब्द गाळू देऊ नका. नुकसानभरपाईचं वाक्य स्वतःहून द्या, त्याने मालक निर्धास्त होतो. पंधरा दिवसांची मुदत मात्र तुमच्यासाठी आहे. ती नसेल तर एका भुंकण्यावरून घर खाली करायला सांगता येतं.

टोकन या मसुद्यावर दोघांचं एकमत झाल्यावरच द्या, आणि पैसे पाठवताना मेसेज लिहा: “कुत्रीसह राहण्याच्या अटीवर टोकन.” किल्ली मिळाली की सामान लावण्याआधी दारांच्या चौकटी, खालची प्लाय, भिंतींचे कोपरे यांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवा. आधीच्या भाडेकरूने पाडलेले ओरखडे तुमच्या कुत्र्याच्या नावावर लागू नयेत.

टप्पा ८: शिफ्टिंगचा दिवस आणि पहिले पंधरा दिवस

त्या दिवशी कुत्रं घरात नको. दार सताड उघडं, हमालांची ये-जा, आपटाआपटी यात घाबरलेलं कुत्रं बाहेर पळतं आणि नव्या भागात त्याला परतीची वाट ठाऊक नसते. ओळखीच्या घरी ठेवा. पट्ट्याला मोबाइल नंबरची पट्टी आदल्या रात्रीच लावा. सामान लागल्यावर त्याचं जुनं अंथरूण न धुता कोपऱ्यात पसरा, मग कुत्र्याला आणा.

पहिला आठवडा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, साखळीनेच फिरवा. गल्लीतल्या कुत्र्यांना लांबून वास घेऊ द्या. वर्तमानपत्राचे तुकडे आणि पिशवी खिशात असू द्या. पहिल्या आठवड्यात कुणाच्या गेटसमोर एकदा घाण राहिली तर वर्षभर प्रत्येक घाण तुमच्याच कुत्र्याची ठरते. शक्य असेल तर दोन-तीन दिवस रजा घ्या आणि एकटं ठेवण्याची सवय नव्या घरात पुन्हा दोन मिनिटांपासून सुरू करा.

आणि तक्रार आली तर त्याच संध्याकाळी जा. आमच्याकडे पाचव्या दिवशी खालच्या आजी म्हणाल्या, “रात्री वर काहीतरी टकटक करतंय, झोप लागत नाही.” मी रात्री दिवा मालवून ऐकत बसले. चिंगी दोन-दोन तासांनी उठून पलंगाखालून दारापर्यंत जायची आणि टाइल्सवर तिची नखं वाजायची. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन नखं कापली आणि पलंगापासून दारापर्यंत दोन जाड सतरंज्या अंथरल्या. तीन दिवसांनी खाली जाऊन विचारलं. आजी म्हणाल्या, आता काही ऐकू येत नाही, आणि चिंगीला द्यायला कालची भाकरी कागदात बांधून दिली.